वालाँसिएन लेस: गावाच्या नावाचा घोळ

जुन्या लेसच्या गुंडाळीला 'वालाँसिएन' (हे आज उत्तर फ्रान्समधलं गाव) अशी चिठ्ठी लावलेली असली की तिचं मूळ गाव सापडलं, असं समजायची घाई होते. चिठ्ठीवरून खात्रीनं कळते ती फक्त विणायची पद्धत. येवल्यात विणलेली पैठणीही पैठणीच असते, हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. युरोपातल्या हातविणीच्या बॉबिन लेसच्या, म्हणजे बारीक दांड्यांवर सूत गुंडाळून ते एकमेकांवरून वळवत विणलेल्या लेसच्या, बाबतीत मात्र गावाचं नाव आणि विणायची रीत यांची गाठ अशी काही बसली आहे, की ती सोडवताना दीडशे वर्षांपूर्वीचे व्यापारी, हौशी संग्राहक आणि प्रदर्शनं भरवणारे अशा सगळ्यांचे हितसंबंध मध्ये येतात.

सुरुवातीचा काळ थोडक्यात आटोपता येतो. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर इटली आणि फ्लँडर्स (मुख्यतः आजच्या बेल्जियममधला मुलूख) या दोन्हीकडे बॉबिनवर लेस विणली जात होती. १५५७ मध्ये व्हेनिसला या कामाच्या नमुन्यांचं पुस्तक छापलं गेलं, आणि १५६१ च्या सुमारास झुरिकला छापलेल्या दुसऱ्या एका पुस्तकात ही कला पंचवीस वर्षांपूर्वी इटलीच्या व्यापाऱ्यांनी आपल्याकडे आणली, असं म्हटलं आहे. आधी कोण, या वादाचा ओळख पटवायला काही उपयोग नाही. पुस्तकं गावोगाव फिरली आणि एकच वेणीदार नमुना दहा ठिकाणी विणला गेला. त्यामुळे त्या शतकातल्या तुकड्याचं गाव सांगणारा माणूस बहुधा अंदाजच करत असतो.

गावांच्या नावांना बाजारात भाव आला तो सतराव्या शतकात, आणि त्यात विणणाऱ्यांपेक्षा जकातीचा हात मोठा. १६६२ मध्ये इंग्लंडच्या संसदेनं परदेशी लेसच्या आयातीवर बंदी घातली. १६६५ मध्ये फ्रान्सच्या राजानं परदेशी लेसवरचा खर्च थांबवायला सरकारी आश्रयाचे कारखाने उघडले. फ्लँडर्सचा माल मग चोरवाटांनी जाऊ लागला. ब्रसेल्सची लेस इंग्रज व्यापाऱ्यांनी 'इंग्लंडची' म्हणून विकली, आणि म्हणूनच अव्वल दर्जाच्या ब्रसेल्स लेसला फ्रेंचमध्ये आजही इंग्लंडचं नाव आहे, ही नेहमी सांगितली जाणारी हकिकत. ती जशीच्या तशी खरी मानावी का, यावर मतभेद आहेत. पण त्या नावाची चिठ्ठी पाहून कुणी तुकडा इंग्लंडच्या खणात ठेवला, तर तो चुकीच्या खणात गेला एवढं नक्की.

वालाँसिएनचा घोळ वेगळा आहे. हे गाव मुळात एनो परगण्यातलं, म्हणजे स्पॅनिश नेदरलँड्समधलं (नेदरलँड्सचा स्पेनच्या ताब्यातला दक्षिण भाग). १६७७ मध्ये फ्रेंच फौजांनी ते घेतलं आणि १६७८ च्या तहानं ते फ्रान्सचं झालं. त्याच परगण्यातलं बँश हे लेसचं दुसरं गाव सरहद्दीच्या पलीकडे राहिलं. विणणाऱ्या बायकांचे हात, त्यांचं लिनन सूत, उशीवर टाचण्या टोचून धागे वळवायची रीत, यातलं काहीच तहानं बदललं नाही. अठराव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांतला तुकडा समोर आला, बर्फाच्या गोळ्यांसारखे ठिपके भरलेली जाळी दिसली आणि नक्षीभोवती जाड धागा नसला, तर तो बँशचा की वालाँसिएनचा हे नुसत्या नजरेनं ठरवता येत नाही. तरीही नोंदींत एक 'फ्लेमिश' आणि दुसरा 'फ्रेंच' होतो. माझ्या मते अशा तुकड्यापुढे दक्षिण नेदरलँड्स लिहून थांबणं जास्त प्रामाणिक.

शतकाच्या मध्यानंतर मात्र भिंग कामाला येतं. बघायची ती जाळी, म्हणजे नक्षीच्या मधली पोकळ वीण. फुलापानांच्या नक्षीवर भिस्त ठेवू नये, कारण नक्षी कुणीही उचलतो. वालाँसिएनच्या जाळीचं एकेक घर चारही बाजूंनी चार धाग्यांच्या वेणीचं असतं, नुसता पीळ कुठेच नाही. मेकलिन या बेल्जियमच्या गावच्या लेसच्या षटकोनी घरात सहापैकी दोनच बाजू वेणीच्या, उरलेल्या चार दोन धाग्यांच्या पिळाच्या. ब्रसेल्सची जाळी याच जातीची, पण वेणी लांब, म्हणून घर उभट दिसतं. लील या फ्रेंच गावच्या जाळीत वेणीच नाही. धागे पिळतात आणि एकमेकांना ओलांडतात एवढंच, म्हणून ती सगळ्यांत विरळ आणि हलकी. मग नक्षीची कड बघावी. मेकलिन आणि लील या दोन्हींत कडेनं एक जाड, चमकदार धागा फिरतो. वालाँसिएनमध्ये तो नसतो. तिथे कापडासारखा सपाट विणलेला भरीव भाग आणि त्याच्या कडेला टाचण्यांच्या जागी राहिलेल्या बारीक भोकांची रांग दिसते. शेवटी तुकडा उलटा करावा. वालाँसिएनमध्ये जाळीचेच धागे नक्षीत शिरतात, तिथे कापड होतात आणि पलीकडून पुन्हा जाळी होऊन निघतात. ब्रसेल्समध्ये फुलं आधी सुटी विणलेली असतात आणि जाळी मागाहून त्यांना जोडलेली, त्यामुळे उलट्या बाजूला फुलांच्या पाठीवरून धागे ओढलेले सापडतात.

एवढ्यावरून पद्धत ठरते. खरा वाद पुढे आहे, 'खरी' आणि 'खोटी' वालाँसिएन.

अठराव्या शतकात गावाच्या तटाच्या आत विणलेल्या लेसलाच व्यापारी 'खरी' म्हणत. बाहेरच्या खेड्यांत आणि आसपासच्या गावांत त्याच नमुन्यावर, त्याच पद्धतीनं झालेली लेस 'खोटी'. भावात फरक मोठा. याला आधार म्हणून एक दंतकथाच तयार झाली: तीच बाई, तेच सूत, तीच उशी घेऊन तटाबाहेर गेली तरी तिच्या हातून तशी लेस उतरत नाही. कारण काय, तर गावची हवा. एकोणिसाव्या शतकातल्या लेसविषयक लेखनात हे विधान इतक्या गंभीरपणे येतं, की वाचणाऱ्याला खरं वाटू लागतं.

त्यात तथ्य किती? हवेचा संबंध होता, पण तो गावाशी नव्हता, तळघरांशी होता. लेसचं अतिबारीक हातकताईचं सूत कोरड्या हवेत तुटतं. ते टिकावं म्हणून दमट तळघरांत बसून काम चाले. पहाटे चारपासून रात्री आठपर्यंत मुली तिथे बसत आणि तिशीच्या आत पुष्कळजणींची दृष्टी जवळजवळ गेलेली असे, अशी वर्णनं आहेत. पुरुषांच्या बाह्यांना लावायच्या झालरींची एक जोडी रोज पंधरा तास काम करून दहा महिन्यांत पुरी होई, असंही लिहिलेलं आहे. शिवाय सबंध तुकडा एकाच बाईच्या हातचा असला तर व्यापारी ते आवर्जून सांगत आणि जास्त दाम घेत, कारण हात बदलला की वेणीचा ताण बदलतो. दमट तळघर, एकच हात, बारीक सूत. या तिन्ही गोष्टी तटाबाहेरही जमण्याजोग्या होत्या. तटाची भिंत फक्त कुणाचा माल महाग विकायचा, हे ठरवत होती. 'खरी-खोटी' हा भेद गुणवत्तेचा होता असं अजूनही लिहिलं जातं. मला तो व्यापाऱ्यांनी आपल्या सोयीनं आखलेला वाटतो. आज भिंगाखाली ताण, सुताचा बारीकपणा आणि सांधे दिसतात, तट दिसत नाही.

हा भेद पुढे आणखी घोटाळा करून गेला. १७८० नंतर पातळ मलमलीची फॅशन आली, तिच्यात बंगालच्या मलमलीचाही वाटा होता. जड लेसची मागणी घटली आणि मग फ्रेंच राज्यक्रांतीनं राजदरबारी गिऱ्हाईकच संपवलं. युद्ध दारात आलं, विणणाऱ्या पांगल्या, बऱ्याचजणी बेल्जियमकडे गेल्या. १८४० मध्ये एका राजवधूला नजराणा म्हणून गावानं जुन्या विणकरणींकडून डोक्यावर घ्यायची लेस करून घेतली, तेव्हाच ती नवलाची गोष्ट ठरली होती. १८५१ मध्ये गावात दोनच विणकरणी उरल्या होत्या आणि दोघीही ऐंशीच्या पुढच्या, असा उल्लेख सापडतो. तरीही एकोणिसाव्या शतकात या लेसचा व्यापार आधीपेक्षा कितीतरी मोठा होता. जुन्या व्याख्येनं बघितलं, तर तो सगळा माल 'खोटा'.

आपल्यापर्यंत पोचणारे तुकडे बहुतेक याच काळातले, म्हणून इथे नजर जास्त बारीक हवी. ईप्र, ब्रूज, गेंट, कोर्ट्राइक ही सगळी फ्लँडर्सची गावं वालाँसिएनच विणत होती. १८४५ नंतर बटाट्याचं पीक बुडालं, लिननचा घरगुती धंदा बसला आणि उपासमार आली. तेव्हा जोगिणींच्या मठांतून लेसच्या शाळा निघाल्या. दानधर्म आणि स्वस्त मजुरी यांची सीमारेषा तिथे पुसट होती. मागच्या शतकातल्या गोलसर घरांच्या जागी आता स्वच्छ चौकोनी, तिरपी बसवलेली घरं आली आणि ईप्र त्यासाठी नावाजलं. म्हणून चौकोनी, काटेकोर जाळी दिसली, की तुकडा अठराव्या शतकातला नव्हे असं धरून चालावं. जाळीच्या वेणीत किती वळसे आहेत ते मोजून गाव ओळखता येतं, अशी एक समजूत तेव्हापासून चालत आली आहे. वळसे मोजायला हरकत नाही. पण नमुने आणि सूत पुरवणारा व्यापारी एकच असला, तर दोन गावांत सारखेच वळसे निघणार.

दुसरी खूण सुताची. १८३० च्या दशकापासून सुती धागा सर्रास वापरात आला. भिंगाखाली त्यावर बारीक लव उठलेली दिसते आणि जाडी सगळीकडे सारखी लागते. हातकताईचं लिनन गुळगुळीत, थोडं चकाकणारं आणि मध्येच जाड-बारीक होणारं. खात्री करायला धाग्याचं टोक जाळून बघायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नये, पुरावाच जळतो.

आणखी एक घोटाळा यंत्रांचा. इंग्लंडमध्ये १८०९ मध्ये षटकोनी जाळी विणणाऱ्या यंत्राचं पेटंट निघालं, आणि १८४० च्या सुमारास जाळीत नक्षीही यंत्रावर उतरू लागली. विसाव्या शतकाच्या आरंभी बायकांच्या आतल्या कपड्यांना लावायच्या अरुंद सुती पट्ट्या मैलोगणती निघाल्या, त्यांनाही वालाँसिएनचंच नाव. वारशात आलेल्या 'वालाँसिएन'चा मोठा भाग हाच असतो. त्यातला भरीव भाग कापडासारखा दिसत नाही, लांबीच्या दिशेनं रेघा उमटलेला दिसतो. जाळीत खरी वेणी नसते, धागे एकमेकांभोवती फक्त गुंडाळलेले असतात.

ही गत एकट्या वालाँसिएनची नाही. काळ्या रेशमाच्या मोठ्या त्रिकोणी शाली 'शाँतिई' या फ्रेंच गावाच्या नावानं ओळखल्या जातात. पण त्या गावचा धंदा क्रांतीतच मोडला होता, आणि १८५० ते १८७० मधल्या बहुतेक शाली नॉर्मंडीतल्या बायो आणि काँ या गावांकडच्या किंवा बेल्जियमच्या ग्रामाँच्या. गव्हाच्या दाण्यांसारख्या पानांची नक्षी असलेली रेशमी माल्टा लेस १८५१ नंतर इंग्लंडच्या बेडफर्डशरमध्ये विणली जाऊ लागली. आपल्याकडे दक्षिण त्रावणकोरात, नागरकोइलला, मिशनऱ्यांच्या बायकांनी १८२० च्या दशकात लेसची शाळा काढली आणि तिथला माल युरोपी नमुन्यांवरच निघाला. त्यामुळे भारतात सापडलेली प्रत्येक बॉबिन लेस साहेबाच्या सामानातून आली, असंही धरता येत नाही.

नक्की तारीख ज्यांना लावता येते असे तुकडे थोडे. पहिल्या महायुद्धात जर्मन ताब्यातल्या बेल्जियममध्ये परदेशी मदत संस्थेनं सूत आत पाठवलं आणि तयार लेस बाहेर नेऊन विकली. त्या लेसमध्ये दोस्त राष्ट्रांची राजचिन्हं, बेल्जियमच्या प्रांतांचे सिंह, क्वचित सालसुद्धा विणलेलं सापडतं. अशा तुकड्यावर १९१४ ते १९१८ निर्धास्त लिहावं. गावाचा रकाना मात्र तिथेही बऱ्याचदा कोराच ठेवावा लागतो, कारण काम घरोघरी वाटलेलं असे आणि वेगवेगळ्या हातांनी केलेले भाग मागाहून एकत्र जोडले जात.