तारेला लावलेला कान

गेल्या आषाढात फोंड्याजवळच्या एका पतसंस्थेतून तक्रार आली, की सर्व्हरवरच्या ठेवींच्या नोंदी उघडायला मिनिट-मिनिट लागते. संगणकावरच्या प्रोग्रामला हरवलेल्या आणि पुन्हा पाठवाव्या लागलेल्या माहितीच्या पाकिटांखेरीज काही दिसत नव्हते. कार्यालयातले संगणक एकमेकांना जोडणारी पेटी, म्हणजे स्विच, स्वस्तातला असल्यामुळे एका पोर्टची (केबल खोचण्याच्या जागेची) वाहतूक दुसऱ्या पोर्टवर उतरवून घेण्याची सोय त्यात नव्हती. ती असती तरी फारसा उपयोग झाला नसता, कारण वाटेत बिघडलेली फ्रेम, म्हणजे तारेवरून जाणारे माहितीचे पाकीट, स्विच तपासून टाकून देतो, पुढे पाठवत नाही. म्हणून मी सर्व्हर आणि स्विच यांच्यामधल्या केबलवर एक टॅप, म्हणजे तारेवरून जाणारी माहिती बाजूला ऐकू देणारे छोटे साधन, बसवला, आणि त्या क्षणापासून काम सुरळीत झाले. नेमकी त्याच सकाळी कार्यालयातल्या कोणीतरी कपाटाला लिंबू-मिरची बांधली होती, त्यामुळे श्रेय कोणाला गेले हे सांगायला नको.

टॅप फक्त ऐकतो, त्यामुळे तारेवर काहीच बदलत नाही, असा समज सर्वत्र आहे आणि तो पूर्णपणे खरा नाही.

निष्क्रिय टॅप म्हणजे काडेपेटीएवढी एक पट्टी असते. तिला ना वीज लागते ना चिप. तिच्यावर चार जॅक असतात: दोन मूळ केबल जोडण्यासाठी, दोन ऐकण्यासाठी. सेकंदाला १०० मेगाबिट वेगाच्या इथरनेटमध्ये (तारेने संगणक जोडण्याच्या नेहमीच्या पद्धतीत) केबलमधल्या चार जोड्यांपैकी दोनच वापरल्या जातात, १-२ क्रमांकाच्या तारांची जोडी एका दिशेला आणि ३-६ ची दुसऱ्या दिशेला. पहिल्या ऐकणाऱ्या जॅकच्या ग्रहण करणाऱ्या पिना पहिल्या जोडीला आणि दुसऱ्याच्या दुसऱ्या जोडीला समांतर जोडलेल्या असतात. संकेत पाठवणाऱ्या पिना मात्र कशालाच जोडलेल्या नसतात, त्यामुळे ऐकणाऱ्या संगणकाने कितीही आरडाओरडा केला तरी तारेवर एक अक्षर उतरत नाही. एका जॅकवर एकाच दिशेचे संभाषण मिळत असल्यामुळे संपूर्ण प्रश्नोत्तरे हवी असतील तर दोन नेटवर्क कार्डे लावावी लागतात.

केबलचा वैशिष्ट्यपूर्ण रोध, म्हणजे धावत्या संकेताला ती दाखवते तो विरोध, १०० ओहम असतो. टॅपपाशी पोहोचलेल्या संकेताला पुढची केबल १०० ओहमची आणि समांतर ऐकणारे कार्डही १०० ओहमचे भेटते, म्हणजे दोन्ही मिळून ५०. या विसंगतीमुळे व्होल्टेजचा एक तृतीयांश भाग उलटून माघारी जातो आणि दोन तृतीयांश पुढे सरकतो. केबल छोटी असेल तर समोरचे कार्ड तेवढ्यावर निभावून नेते, लांब असेल तर मात्र चुका होऊ लागतात.

गिगाबिटचे प्रकरण निराळे आहे. तेथे चारही जोड्या वापरल्या जातात, आणि प्रत्येक जोडीवर दोन्ही टोके एकाच वेळी बोलतात. सेकंदाला १२.५ कोटी चिन्हे, प्रत्येक चिन्ह व्होल्टेजच्या पाच पातळ्यांपैकी एक आणि त्यात दोन बिट, अशा चार जोड्या मिळून १००० मेगाबिट होतात. श्रावणातल्या भजनी सप्ताहात एकाच मंडपाच्या दोन टोकांना दोन मेळ एकदम गाऊ लागले, तरी प्रत्येक मेळाला स्वतःचा अभंग ठाऊक असल्यामुळे तो मनातल्या मनात वजा करून समोरचा ऐकता येतो. इथरनेटचे प्रत्येक टोक नेमके हेच करते. मधोमध उभ्या असलेल्या श्रोत्याला मात्र दोन्हींची बेरीजच मिळते, आणि त्या बेरजेतून मूळ संख्या परत काढण्याचा साधा मार्ग नसतो.

म्हणून निष्क्रिय टॅप बनवणारे एक युक्ती करतात, जिच्या मी प्रेमात आहे. १०० मेगाबिटला न लागणाऱ्या ४-५ आणि ७-८ या जोड्यांवर प्रत्येकी एक छोटा कपॅसिटर आडवा जोडतात. तो २२० पिकोफॅरडचा असेल तर १ मेगाहर्ट्झला त्याचा विरोध सुमारे ७२० ओहम, म्हणजे जवळपास नसल्यासारखाच. गिगाबिटच्या संकेतातल्या ६२.५ मेगाहर्ट्झच्या जलद चढउतारांना मात्र तो १२ ओहमच्याही खाली जातो आणि संकेत तेथेच जवळजवळ लघुमंडलित (शॉर्ट) होतो. गिगाबिटचा जोड जुळेनासा झाला, की बहुतेक कार्डे आपणहून १०० मेगाबिटवर उतरतात, आणि मग दोन दिशा दोन स्वतंत्र जोड्यांवर स्पष्ट ऐकू येतात.

गिगाबिटचा वेग राखून ऐकायचे असेल तर सक्रिय टॅप लागतो. तो दोन्ही बाजूंशी स्वतंत्र जोड जुळवून मजकूर पुढे देतो आणि एक प्रत बाजूला काढतो. वीज गेली तर त्यातले रिले (विजेवर चालणारे छोटे खटके) मूळ तारा थेट जोडतात, पण त्या क्षणी जोड तुटून पुन्हा जुळावा लागतो. काचेच्या तंतूत हे सर्वांत सोपे असते, कारण तेथे प्रकाशच ७०-३० किंवा ५०-५० असा वाटून घेता येतो. टॅप लावला की सगळ्यांचे बँकेचे पासवर्ड हाती लागतात, ही मोबाईलवर फिरणारी भीती मात्र अवास्तव आहे. सांकेतिक केलेल्या मजकुरातून कोण कोणाशी, केव्हा आणि किती बोलले एवढेच कळते. अर्थात तेवढेही मालकाच्या परवानगीशिवाय ऐकणे हा गुन्हा ठरू शकतो.

पतसंस्थेत नेमके काय घडले, हे आता वाचकांच्या ध्यानात आले असेल. टॅपने काहीच पकडले नव्हते. त्याने जोड गिगाबिटवरून १०० वर उतरवला होता, म्हणजेच दोन जोड्या वापरातून काढून घेतल्या होत्या, आणि त्याबरोबर दोषही गेला होता. तेव्हा दोष त्याच दोन जोड्यांपैकी एकीत असणार. भिंतीतला जॅक उघडला तर पावसाळी ओल झिरपून तपकिरी जोडीच्या, म्हणजे ७-८ च्या, पिनांवर हिरवा गंज चढलेला दिसला. जॅक बदलला, टॅप काढला, आणि स्विचवरचा गिगाबिटचा दिवा पुन्हा लागला. नोंदी आता विनाविलंब उघडतात.