तूर: आंतरपिकाची दोन हजार वर्षं

जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात सुमारे २ हजार वर्षांपूर्वीची तूर सापडली आहे. त्याच जिल्ह्यात, बदनापूरला, परभणीच्या कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र तुरीच्या जाती तयार करतं. इतकं जुनं हे पीक, पण त्याला स्वतंत्र रान क्वचितच मिळालं.

तुरीचा रानटी पूर्वज ओडिशा आणि बस्तरच्या जंगलपट्ट्यात अजून उगवतो. तिथून तूर देशभर गेली, पुढे आफ्रिकेत आणि गुलामांच्या जहाजांच्या काळात कॅरिबियन बेटांवर. प्वेर्तो रिकोत नाताळाला ओल्या तुरीच्या दाण्यांचा भात असतो. विदर्भातल्या सोलेभाताचा तो लांबचा भाऊबंदच.

मुळात हे बहुवार्षिक झुडूप. पहिले दोन महिने ते सावकाश वाढतं, शेजारच्या पिकाला अडचण करत नाही. ज्वारी, मूग किंवा सोयाबीन निघालं की मोकळ्या जागेत फांद्या पसरतात आणि लाल रेषा असलेली पिवळी फुलं येतात. सोटमूळ खोल जातं, मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र जमिनीत आणतात, पानगळीचं खत होतं, तुराट्या चुलीला आणि कुडाला लागतात. आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याने हे सगळं ओळखूनच पिकात तुरीची ओळ ठेवली. मात्र आंतरपीक म्हटलं की खत, पाणी, फवारणी या सगळ्यात तिचा नंबर शेवटचा.

त्यात दोन रोग. ‘मर’ ही जमिनीतली बुरशी. ऐन फुलोऱ्यात उभं झाड वाळतं; खोड उभं चिरलं तर आत काळपट रेघा दिसतात. ‘वांझ’ त्याहून जिवाला लागणारा: नुसत्या डोळ्यांना न दिसणारी कोळी ही बारीक कीड तो पसरवते, झाड हिरवंगार राहतं आणि त्याला फूल धरत नाही, शेंग लागत नाही. हंगामभर राखलेल्या झाडावर दाणा नाही.

१९७२ साली हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था सुरू झाली आणि तुरीवर नेटाने काम होऊ लागलं. दोन्ही रोगांना तोंड देणारी ‘आशा’ १९९३मध्ये आली; पुढे तुरीचा जनुकीय आराखडा वाचला गेला तो याच वाणाचा. बदनापूरने बीएसएमआर ७३६ ही जात दिली, मग २०१२मध्ये पांढरी बीडीएन ७११. ही १५० ते १५५ दिवसांत येते. जुन्या जाती सहा महिने किंवा त्याहून जास्त घेत, आणि परतीचा पाऊस हुकला की शेंगा पोचट राहत. हलक्या जमिनीच्या मराठवाड्याला या महिनाभराच्या बचतीचं मोल फार मोठं आहे.

बाजाराने मात्र घात केला. २०१५च्या दुष्काळात तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेली. शेतकऱ्यांनी भरपूर पेरलं, पाऊसही चांगला झाला, आणि २०१६-१७मध्ये देशाचं उत्पादन जवळपास २६ लाख टनांवरून ४९ लाख टनांपर्यंत चढलं. हमीभाव बोनससह ५,०५० रुपये क्विंटल होता. भाव त्याखाली कोसळला. महाराष्ट्रात खरेदी केंद्रांवर रांगा लागल्या, बारदाना संपला. त्याच सुमारास मोझांबिककडून तूर घेण्याचा करारही झालेला होता. शेतकऱ्याचा राग रास्तच होता.

२०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात डाळींसाठी सहा वर्षांचं अभियान जाहीर झालं. नोंदणी केलेल्या शेतकऱ्यांची तूर चार वर्षं नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्था घेणार, असं त्यात म्हटलं आहे. २०१७च्या रांगेत उभे राहिलेले शेतकरी यावर पहिल्यांदा विचारतील ते केंद्र कधी उघडणार आणि बारदाना पुरणार का.