पेयावरचं ‘ओआरएस’ : एका आदेशामागची पार्श्वभूमी

14 ऑक्टोबर 2025 रोजी एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा नियामक संस्थेने, बजावलं की, मागेपुढे काहीही जोडलं तरी पेयाच्या नावात ‘ओआरएस’ (जुलाबात शरीरातलं पाणी आणि क्षार भरून काढणारं द्रावण) वापरता येणार नाही. हे इतकं महत्त्वाचं का, ते कळायला 1971 सालापर्यंत मागं जावं लागतं.

बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावजवळच्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात विरघळवून ते ड्रममधून रुग्णांना पाजायला लावलं. पाजणारे बहुतेक वेळा घरचेच लोक असत. मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं, ते चारच्या खाली आलं. ओआरएसवरचा लोकांचा विश्वास असा जीव वाचवून कमावलेला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2002 च्या सूत्रात लिटरभर पाण्यात 13.5 ग्रॅम ग्लुकोज आणि 2.6 ग्रॅम मीठ असतं, सोबत पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. हे माप काटेकोर आहे, कारण साखर जास्त झाली की आतड्यात उलट पाणी ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. बाजारात मात्र याच नावाशी खेळत, कित्येक पट साखर असलेली फळांच्या चवीची पेयं आली, तीही औषधांच्या दुकानात. जुलाबाने मलूल झालेलं पोर कडेवर घेऊन आलेली आई त्या खोक्यावरचं नावच वाचणार.

हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध अनेक वर्षं लढा दिला. एप्रिल 2022 मध्ये बंदी आली, पण जुलैमध्येच ती सैल झाली : ‘हे जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेलं ओआरएस नाही’ अशी सूचना छापा आणि नाव ठेवा! माझ्या मते ही सरळ दिशाभूल होती. समोर ठळक अक्षरांत ‘हो’ लिहायचं आणि खाली ‘नाही’, याला माहिती देणं म्हणत नाहीत. कंपन्यांच्या सद्सद्विवेकावर सोडलं, तर नाव आपणहून कोण काढणार होतं? तीन वर्षांनी ती सवलत मागे घ्यावी लागली, तेव्हाही प्रकरण न्यायालयात गेलंच. ऑक्टोबरअखेर दिल्ली उच्च न्यायालयाने एका कंपनीची याचिका फेटाळली आणि नोव्हेंबरमध्ये असा माल दुकानांतून हटवायचे निर्देश राज्यांना गेले. महाराष्ट्रात ते काम अन्न व औषध प्रशासनाच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांकडे येतं.