डोळ्यापाशी शेकोटी पेटवणारा मासा

आम्ही भंडाऱ्याकडचे लोक, मामा तलावातली, म्हणजे जुन्या मालगुजारी गावतळ्यातली, मरळ न् रोहू खाऊन लहानाचे मोठे झालो. पौषात पहाटे जाळ्यातून काढलेला मासा हातात घेतला तर बोटं बधिर होतात, पाणी जेवढं गार तेवढाच मासा गार. स्वॉर्डफिश, म्हणजे समुद्रातला तलवार मासा, याचंही बाकी अंग पाण्याएवढंच गार असतं पण डोळे आणि मेंदू मात्र गरम! डोळा फिरवणाऱ्या एका स्नायूचा मोठा भाग आकसायचं काम सोडून नुसती उष्णता तयार करत राहतो, आणि त्यामुळे डोळा न् मेंदू भोवतालच्या पाण्यापेक्षा १० ते १५ अंशांनी गरम राहू शकतात.

याची गरज काय, तर हा दिवसा पाचशे मीटर किंवा त्याहूनही खाली माकूल (स्क्विड) आणि मासे पकडायला जातो, रात्री वर येतो. खाली अंधार न् त्यात गारठा, आणि गारठलेल्या डोळ्याला पळणारी शिकार नुसती पुसट रेघ दिसते. २००५ साली संशोधकांनी दाखवलं की डोळा गरम असला की झपाझप हालचाल टिपायची ताकद दहापटीहून जास्त वाढते. मला तर हे वाचून रात्रभर झोप नाही आली, इतकं भारी वाटलं.

तलवार चपटी असते, ती आडवी फिरवून शिकार जखमी करतो. मोठ्या माशाला दातही नसतात न् खवलेही. १९५३ साली चिलीजवळ गळाला लागलेला एक ५३६ किलोचा होता.

आषाढात आमच्या बाजारात काकू रोहू चिरतात तेव्हा पोटातून अंड्यांची पिवळी पिशवीच निघते, बघून जीव हळहळतो. तलवार माशाचंही तेच झालं. मादी चार-पाच वर्षांची झाल्यावर अंडी घालते, पण कित्येक किलोमीटर लांब दोरीला लावलेले हजारो गळ लहान-मोठं बघत नाहीत, त्यामुळे १९९० च्या दशकात उत्तर अटलांटिकमध्ये हा मासा खूप घटला. १९९८ ला अमेरिकेतल्या शेकडो शेफनी तो मेनूतूनच काढला, १९९९ ला अटलांटिकच्या देशांनी किती पकडायचा याचा दहा वर्षांचा कोटा ठरवला, मग फ्लोरिडाजवळ पिल्लं वाढतात तिथं लांब दोरीची मासेमारी बंद झाली, आणि २००९ पर्यंत साठा सावरला. दहा वर्षांत! भूमध्य समुद्रात मात्र असा प्लॅन व्हायला २०१६ उजाडलं, आणि तिथं तो अजून सावरतोच आहे.