फ्लुओरोक्विनोलोन अँटिबायोटिक्स आणि त्यांना न जुमानणारे जंतू

सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन अशी ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘फ्लॉक्सासिन’ येतं त्या अँटिबायोटिक्सचा हा गट. गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठल्याही फार्मसीत मिळतात, आणि पोट बिघडलं की डॉक्टरला न विचारता याच गटातलं औषध असलेली नॉरफ्लॉक्स-टीझेड मागणारेही काही कमी नाहीत.

मूळ मलेरियाच्या औषधात आहे. क्लोरोक्विन बनवताना निघालेल्या एका उपपदार्थावरून जॉर्ज लेशर आणि सहकाऱ्यांना नॅलिडिक्सिक अ‍ॅसिड सापडलं, ते १९६२ साली जाहीर झालं, पण ते लघवीच्या इन्फेक्शनपुरतंच. पुढे रेणूत फ्लोरिनचा अणू बसवला नि ताकद एकदम वाढली. आधी जपानच्या क्योरिन कंपनीचं नॉरफ्लॉक्सासिन, मग बायर कंपनीचं सिप्रो (सिप्रोफ्लॉक्सासिन), ज्याच्या गोळ्यांना अमेरिकेत १९८७ मध्ये परवानगी मिळाली.

जंतूंचा डीएनए पिळलेला असतो, जायरेज नावाचं एन्झाइम तो कापून पीळ सोडवतं आणि परत जोडतं. औषध हे जोडणंच अडवतं, डीएनए तुटका राहतो आणि जंतू मरतो. मात्र जायरेजच्या जीनमध्ये एक बारीक बदल झाला तरी औषधाची पकड सैल पडते, आणि काही जंतू तर औषध सरळ पंपाने बाहेर फेकतात.

खरी गंमत (म्हणजे डोकेदुखीच) पुढे आहे. हे औषध पूर्ण कृत्रिम, त्यामुळे याचा रेझिस्टन्स (औषधाला न जुमानण्याची ताकद) प्लाझमिडवरून, म्हणजे जंतूंमधल्या डीएनएच्या सुट्या गोल तुकड्यावरून, एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाणार नाही असं बऱ्याच जणांना वाटायचं, पण १९९८ मध्ये तसाच क्यूएनआर जीन सापडला, आणि त्यातल्या एका प्रकाराचं मूळ शेवानेला अल्गी या समुद्राच्या पाण्यातल्या जंतूत निघालं. निसर्गाला काही नवीन नव्हतंच म्हणायचं!

आपल्याकडे टायफॉइडमध्ये याची किंमत दिसली. क्लोरॅम्फेनिकॉल चालेनासं झालं तेव्हा सिप्रो धावून आलं, मग सिप्रोवर पण ताप उतरेना, आता सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन किंवा अझिथ्रोमायसिन द्यावं लागतं. टीबीचं तर जास्तच वाईट, कारण लेव्हो (लेव्होफ्लॉक्सासिन) आणि मॉक्सी (मॉक्सिफ्लॉक्सासिन) ही नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या, म्हणजे रेझिस्टंट टीबीसाठी महत्त्वाची औषधं आहेत आणि साध्या खोकल्याला लेव्हो दिलं तर टीबी दबून निदान लांबतं.

औषधविक्रीवरचा शेड्यूल एच१ चा नियम २०१४ पासून देशात लागू झाला, त्यातल्या औषधांची विक्री फार्मसीवाल्याने रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं ठेवायची. त्या पहिल्या यादीत लेव्हो आणि मॉक्सी होते, पण सर्रास खपणारं सिप्रो आणि नॉरफ्लॉक्सासिन मात्र नव्हतं.