चहातून नकळत दिलेली गोळी

‘पेशंटच्या नकळत दारू सोडवा’ ही जाहिरात एसटी स्टँडच्या भिंतीवर आपण सगळ्यांनी वाचली आहे. पुडीत काय आहे ते तिच्यावर नसतं. घरचे मेडिकलमधून आणून चहात कालवतात ती गोळी मात्र बहुधा डायसल्फिरामची असते.

यकृत दारूचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं आणि मग त्या विषाचं निरुपद्रवी अ‍ॅसिटेट. यातलं दुसरं काम डायसल्फिराम बंद पाडतं, म्हणून दारू प्यायल्यावर ते विष अंगात साचतं. कोपनहेगनमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन हे रसायन जंतांवरचं औषध म्हणून तपासत होते. त्यांनी स्वतःच गोळ्या घेतल्या, पुढे दारू घेतल्यावर दोघांचीही तब्येत बिघडली, आणि १९४८ साली ही हकिगत शास्त्रीय नियतकालिकात आली. चेहरा लालबुंद, छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब खाली. हृदयविकार असलेला माणूस यात दगावूही शकतो. या गोळीचा सगळा उपयोग भीतीत आहे. ज्याला गोळीच ठाऊक नाही, तो भिणार कशाला? तो नेहमीसारखी क्वार्टर मारतो आणि कोसळतो. पेशंटच्या संमतीने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, घरच्यांनी रोज समोर बसून दिली तर हीच गोळी कामाची ठरते.

पण आधी व्यसन ओळखायला हवं. ‘तो कुठे रोज पितो?’ हा घरोघरीचा बचाव. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘ऑडिट’ या दहा प्रश्नांच्या चाचणीत किती पिता याइतकंच महत्त्व सुरू केल्यावर थांबता येतं का, सकाळी उठल्याउठल्या घ्यावी लागते का, याला आहे. ४० पैकी ८ किंवा जास्त गुण आले, की डॉक्टर खोलात शिरतात.

सकाळचा चहाचा कप बशीवर खडखडतो आणि एक पेग पोटात गेला की हात स्थिर होतो, हे तर ढळढळीत लक्षण. दारू मेंदूला सतत मंदावते, म्हणून मेंदू उलट बाजूने जोर लावून बसलेला असतो. रस्सीखेचीत एका बाजूने दोर सोडावा तसं दारू थांबल्यावर होतं. पाय मोडून ॲडमिट झालेला पेशंट तिसऱ्या दिवशी भिंतीवरचे नसलेले किडे झटकू लागतो. पितो हे दाखल करताना कोणी सांगितलेलंच नसतं! अशा माणसाने दारू एकदम, घरच्या घरी सोडणं जिवावर बेतू शकतं.

नवी औषधं भीतीऐवजी ओढीवर काम करतात. अमेरिकेत १९९४ साली दारूच्या व्यसनासाठी मान्यता मिळालेलं नाल्ट्रेक्सोन पिण्यातली मजाच कमी करतं. ते भारतात मिळतं, तरी त्याचं नाव फार थोड्या घरांत पोचलंय, हे मला खटकतं.

सध्या चर्चा आहे सेमाग्लुटाइडची, म्हणजे मधुमेह आणि वजनासाठी दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनची. २०२५ मध्ये अमेरिकेत ४८ जणांवरच्या नऊ आठवड्यांच्या चाचणीत पिण्याची ओढ घटली, प्यायला बसल्यावरचे पेगही घटले. पिण्याचे दिवस मात्र फारसे कमी झाले नाहीत. शिवाय हे लोक व्यसनावर उपचार मागायला आलेलेच नव्हते. हात थरथरणाऱ्या पेशंटवर ते किती चालेल, हे मोठ्या चाचण्यांनीच कळेल.