‘पेन’चं ‘बेन’ का ऐकू येतं?

वर्तमानपत्राची बोटभर रुंदीची पट्टी फाडा, ओठांसमोर लोंबती धरा आणि ‘पेन’ म्हणा. पट्टी जेमतेम हलेल. तीच लंडनच्या माणसाच्या तोंडासमोर धरली, तर त्याच्या ‘पेन’ला ती फडकन उडेल, ‘स्पिन’ला मात्र त्याचीही पट्टी ढिम्म हलणार नाही. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीच्या प, ट, क सोबत हवेचा झोत सुटतो, आधी ‘स’ आला की सुटत नाही. आपण दोन वेगळे ‘प’ काढतो, याचा बहुतेक इंग्रजी भाषकांना पत्ताच नसतो.

आपल्याला तो फरक कळतो, कारण आपल्याकडे त्यावर अर्थ ठरतो. ताट आणि थाट यांत तेवढ्या हवेचंच अंतर आहे.

हिंजवडीतून परदेशी क्लायंटशी बोलताना होणारे काही घोळ इथून सुरू होतात. आपण ‘पिल’ म्हणतो, पलीकडचा ‘बिल’ ऐकतो. त्याचा कान ‘प’ ओळखतो तो मुख्यतः त्या झोतावरून. झोत नाही म्हणजे ‘ब’ असणार, असं तो गृहीत धरतो. शिवाय शब्दारंभीचा इंग्रजी ‘ब’ पुष्कळदा आपल्या ‘प’च्याच जवळ जातो.

हे मोजताही येतं. ओठ उघडल्यापासून स्वरतंतू थरथरायला लागेपर्यंत किती वेळ जातो, ते बघायचं. ली लिस्कर आणि आर्थर ॲब्रॅमसन यांनी १९६४ साली अकरा भाषांमधली अशी मोजमापं प्रसिद्ध केली. त्यात मराठीही होती. इंग्रजीतल्या सुरुवातीच्या ‘प’ला हा वेळ साधारण ६० मिलिसेकंद निघतो, मराठी ‘प’ला जवळपास शून्य. आपल्या ‘ब’मध्ये तर ओठ उघडण्याआधीच थरथर सुरू झालेली असते. हे माप अडलं ते घ, भ, ध यांच्यापाशी. त्यांच्यात थरथरही आधीपासून असते आणि हवाही सुटते, त्यामुळे नुसत्या वेळेवरून ते ग, ब, द पासून वेगळे काढता येईनात. पहिलीच्या पाटीवरचा क, ख, ग, घ हा क्रम नेमका याच दोन गोष्टींवर रचलेला आहे. मुळाक्षरं घोकताना हे कुणी सांगत नाही, एवढंच.

मग ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांत आपलीच गाडी का अडते? इंग्रजी संभाषणाच्या क्लासमध्ये सगळा भर त्यावर असतो: व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लावा, डब्ल्यूला ओठांचा चंबू करा. सूचना बरोबर आहे. पण मराठी ‘व’ या दोन्हींच्या अधेमधे कुठेतरी बसतो. ओठ दातांच्या जवळ जातो, घासत नाही. ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम की बनियन, हे ऐकणारा संदर्भावरून लावतो. माझ्या मते क्लासवाल्यांनी यातला निम्मा वेळ तरी त्या झोताला द्यावा.

यात जिभेचा आळस नाही, कानाची सवय आहे, आणि ती फार लवकर लागते. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये कॅनडातल्या इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या बाळांमध्ये ती क्षमता बरीचशी ओसरलेली दिसली. त्यांच्या आईबापांसारख्या मोठ्यांना तर ‘ताट’मधले त आणि ट एकाच छापाचे वाटू शकतात.

राहता राहिला ‘व्हाइट’चा वाद. सदाशिव पेठेतले आजोबा ‘व्ह’वर जोर देऊन म्हणतात, इंग्रजी शाळेतली नात ‘वाइट’ म्हणते आणि त्यांना सुधारते. जुन्या इंग्रजीत अशा शब्दांत ‘एच’ आधी लिहीत आणि ‘ह’ उच्चारतही. नॉर्मन राजवटीनंतर लेखनिकांनी अक्षरांची अदलाबदल केली आणि पुढे इंग्लंडमध्ये बहुतेकांनी ‘ह’ सोडूनच दिला. स्कॉटलंड आणि आयर्लंडमधले बरेच लोक अजून तिथे हवा सोडतात. त्यामुळे नात लंडनला बरोबर आहे, आणि आजोबांचं एडिंबरात कदाचित जास्त जमेल.